घर बदलताना

(नृसिंहवाडी येथील प्रौढ साक्षरता वर्गातील स्त्री-पुरुषांपुढे केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी घराविषयी बोलणार आहे. घर बांधण्याविषयी नव्हे, घर बदलण्याविषयी. अडचणीच्या जागेतून जरा मोठ्या जागेत जायचं झालं, तर काय काय पाहावं, काय काय विचारावं आणि काय काय लिहून ठेवावं, एवढाच आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, "यात सांगण्यासारखं काय आहे? टेंपो बोलवायचा, भांडीकुंडी भरायची आणि जायचं." खरं आहे. भांडी टेंपोतून जातात. पण रेशनकार्डावरचा पत्ता टेंपोतून जात नाही. पोरीची शाळा, म्हातारीची शेजारीण आणि विजेच्या मीटरवरचा आकडा टेंपोतून जात नाही. त्यांची सोय आपल्याला वेगळी करावी लागते. आपल्याकडे म्हण आहे, घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. मी त्यात एक शेपूट जोडतो : घर पाहावं बदलून.

आधी एक घर डोळ्यांपुढे आणा. नवरा पेढ्याच्या दुकानात कामाला आहे. भल्या पहाटे भट्टीवर जातो. बायको घरी बसून हार करते आणि देवळाच्या वाटेवरच्या दुकानांना देते. मोठी मुलगी सहा वर्षांची, पहिलीत जाते. धाकटा मुलगा दीड वर्षाचा, नुकता धावायला लागलेला. आणि नवऱ्याची आई. एकूण पाच माणसं. राहायला एक खोली आणि तिच्या मागे स्वयंपाकापुरती पडवी. असं घर आपल्या वाडीत शोधायला लांब जावं लागणार नाही.

एके रात्री बायको म्हणते, "अहो, पोरगी बाहेर कट्ट्यावर बसून अभ्यास करती. येणारी-जाणारी माणसं तिच्या पाटीवरनं जात्यात. आत बसावं तर आत्ती झोपलेल्या. बारकं पोर तर सारखं चुलीकडं जातंय. आता जरा मोठी जागा बघा की."

नवरा म्हणतो, "बघू."

हे "बघू" वर्षानुवर्षं चालतं. का चालतं? कारण कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. आपण हिशेबापासून सुरुवात करू. आता तुम्हाला अंक येतात.

किती जागा पुरे?

खोली लांबीला १२ फूट आणि रुंदीला १० फूट आहे. १२ गुणिले १० म्हणजे १२० चौरस फूट. पडवी १० फूट लांब आणि ६ फूट रुंद. म्हणजे ६० चौरस फूट. दोन्ही मिळून १८० चौरस फूट. माणसं पाच. १८० भागिले ५ म्हणजे माणशी ३६ चौरस फूट.

३६ चौरस फूट म्हणजे केवढी जागा? एक खाट ६ फूट लांब आणि ३ फूट रुंद असते. तिला १८ चौरस फूट लागतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन खाटांएवढी जागा आली. त्यातच ट्रंक, पाण्याचे हंडे, शेगडी, धान्याचा डबा, फुलांच्या पाट्या आणि सायकल. मग माणसाला काय उरलं?

आरोग्याच्या पुस्तकांत यासाठी एक ठोकताळा सांगितलेला असतो. एका खोलीत दोन माणसं, दोन खोल्यांत तीन, तीन खोल्यांत पाच. एक वर्षाच्या आतलं बाळ यात मोजत नाहीत. एक ते दहा वर्षांचं मूल अर्धं माणूस धरतात. आपल्या घराचा हिशेब करू. नवरा, बायको आणि आई मिळून तीन. मुलगी अर्धी, मुलगा अर्धा. एकूण चार. दोन खोल्यांत तीनच बसतात. म्हणजे या घराला तीन खोल्या हव्यात. त्या लहान असल्या तरी चालतील, पण तीन हव्यात.

दाटीवाटीत राहिल्यानं काय होतं? एकाला खोकला झाला की तो सगळ्यांना होतो. क्षयासारखा रोग हवेतून पसरतो. जिथं खिडकी नाही आणि माणसं जवळ जवळ झोपतात, तिथं तो लवकर पसरतो. चुलीचा धूर कोंडला तर आधी बायकांची आणि लहान मुलांची छाती भरते. आणखी एक गोष्ट आहे. ती कुणी उघड बोलत नाही. तरुण नवरा-बायकोला दोन शब्द एकांतात बोलायला जागा नसली, की ते शब्द भांडणातून बाहेर पडतात. मोठी जागा हा चैनीचा विषय नाही. तो घरच्या शांतीचा विषय आहे.

मुंबईच्या चाळीतली गोष्ट

अडचणीतून मोठ्या जागेत जाण्याची एक मोठी गोष्ट मुंबईत घडली. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बी.डी.डी. चाळी आहेत. इंग्रज सरकारच्या खात्यानं त्या १९२० नंतरच्या काही वर्षांत बांधल्या. तिथं गिरणीत, गोदीत आणि सरकारी नोकरीत असलेली माणसं राहिली. कोकणातली राहिली, आपल्या घाटावरचीही राहिली. एकेका बिऱ्हाडाला साधारण १६० चौरस फुटांची एक खोली. संडास सगळ्यांचे मिळून. अशा खोलीत तीन-तीन पिढ्या वाढल्या.

पुढे सरकारनं या चाळींच्या जागी नव्या इमारती बांधायचं काम म्हाडाकडे दिलं. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. प्रत्येक घर ५०० चौरस फुटांचं. पाच माणसांचा हिशेब करा. आधी माणशी ३२ चौरस फूट, आता १००. तिपटीहून जास्त!

पण नव्या उंच इमारतीबरोबर नवा खर्चही येतो. पाळणा चालवायचा, वरपर्यंत पाणी चढवायचं, जिन्यातले दिवे लावायचे. त्याची वर्गणी महिन्याच्या महिन्याला द्यावी लागते. आणि चाळीतलं दार दिवसभर उघडं असतं. पोर कुणाच्याही घरी जेवतं. नव्या घराचं दार लावलेलं असतं. मोठं घर काही देतं आणि काही मागतंही. ते काय मागणार, हे आधी ओळखावं. मग पुढे मन खट्टू होत नाही.

एका खोलीतला विद्यार्थी

दुसरी गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. लहानपणी ते मुंबईत लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथंच घरची सगळी माणसं. दिवसा अभ्यासाला जागा नाही, शांतता नाही. मग वडिलांनी, म्हणजे रामजी सुभेदारांनी, तोड काढली. मुलाला रात्री लवकर झोपवायचं. स्वतः जागायचं. रात्री दोन वाजता मुलाला उठवायचं आणि मग आपण आडवं व्हायचं. सगळी चाळ झोपलेली असताना मुलगा दिव्याजवळ अभ्यास करी.

पुढे हे कुटुंब परळच्या बी.आय.टी. चाळीत गेलं. तिथं दोन खोल्या मिळाल्या. एक घरच्यांना आणि एक अभ्यासाला. परदेशात शिकून मोठी पदवी घेतल्यावरही बाबासाहेबांनी बरीच वर्षं त्या चाळीत काढली. मग १९३० नंतरच्या काळात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत "राजगृह" हे घर बांधलं. पुस्तकांना जागा हवी, हा विचार त्या घरात पहिला होता.

मंडळी, यातून घ्यायचं ते एवढंच. जागा मोठी असो की लहान, अभ्यासाला त्यातला एक कोपरा काढलाच पाहिजे. एका खोलीत जागा निघेना, तेव्हा रामजींनी वेळ काढली. मग तीन खोल्यांच्या घरात आपल्या पोरीला एक कोपरा आणि एक दिवा देता येणार नाही का?

वाडीत घर पाहताना

आता आपल्या गावाकडे येऊ. कुठल्याही गावात घर पाहताना माणूस खोल्या, पाणी, संडास, उजेड आणि वारा पाहतो. वाडीत त्याआधी एक गोष्ट पाहावी लागते. पुराची खूण.

आपलं गाव कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर आहे. कोयनेचं आणि वारणेचं पाणी कृष्णेतून येतं. राधानगरीचं पाणी पंचगंगेतून येतं. सगळं शेवटी आपल्याच अंगणाशी येऊन भेटतं. २००५ चा पूर तुम्ही विसरला नाही. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै तर लहान पोरांनाही आठवतो. कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. तिथं ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं.

म्हणून घर पाहायला जाल तेव्हा घरमालकाला तर विचाराच, पण शेजाऱ्यांनाही विचारा. "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं? २०२१ ला कुठवर?" मग भिंत नीट पाहा. खालचा गिलावा फुगलेला, पोपडे आलेला आणि वरचा धड, असं असेल तर मधली रेघ म्हणजे पाण्याची रेघ. रंग नवा असेल तर रंगाच्या आत काय आहे ते हातानं चाचपून बघा. मातीच्या भिंती पुरात भिजल्या की आतून पोकळ होतात. पाणी उतरल्यावरही त्या पडतात. अशा घरात लेकरं निजवू नयेत.

पाणी शिरणारं घर घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर संगमाच्या गावात राहायचं कुणी? पण दोन घरं सारखीच असतील तर जोतं उंच असलेलं घर निवडा. वर पोटमाळा किंवा पक्का माळा असेल तर चांगलंच. धान्य, कागदपत्रं आणि अंथरुणं वर ठेवता येतात. मात्र तो माळा सामानासाठी. माणसांनी तिथं बसून पुराची वाट पाहायची नाही. पाणी चढायला लागलं की घरात कितीही खोल्या असोत, गाव सोडायचा हुकूम आला की निघायचं. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. पाण्यानं वेढल्यावर माणसं एका नावेत दाटीनं बसली, नाव उलटली आणि लेकराबाळांसकट माणसं गेली. वेळेवर निघालेल्याला अशा नावेत बसावं लागत नाही.

आपल्या देवाचंच पाहा ना. पाणी चढलं की मंदिराच्या उत्तरेच्या दारानं ते आत येतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. दक्षिणद्वार सोहळा म्हणून आपण तो भक्तीनं पाहतो. पण त्याच वेळी उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेलेली असते. तिथं पुजारी "बघू" म्हणत नाहीत. देवाला हलवायला आपण उशीर करत नाही. मग लेकरांना हलवायला का करावा?

कधी जावं?

मुहूर्त पाहणारे मुहूर्त पाहतात. जरूर पाहावा. पण पंचांगाबरोबर पावसाचंही पाहावं. शाळेची परीक्षा झाल्यावर आणि मृग लागायच्या आत, म्हणजे एप्रिल-मे महिन्यात घर बदललेलं बरं. मुलीचं वर्ष बुडत नाही. सामान भिजत नाही. पूर यायच्या आत नव्या घरातली वरची फळी, वरचा माळा लावून होतो. चातुर्मासात गृहप्रवेश नको, असं जुनी माणसं म्हणतात. नदीकाठच्या गावाला ते सोयीचंच आहे.

गुरुवार आणि पौर्णिमा मात्र टाळा. यात्रेकरूंच्या गर्दीतून सामानाचा टेंपो काढायचा म्हणजे अर्धा दिवस तिथंच जातो.

पैशाचा हिशेब

समजा, जुन्या जागेचं भाडं महिना २,००० रुपये आहे. नव्या जागेचं ३,५०० रुपये. फरक १,५०० रुपयांचा. वर्षाचे १२ महिने. म्हणजे वर्षाला १८,००० रुपये जादा. घर ठरवण्याआधी एक उपाय करा. तीन महिने जुन्याच घरात राहा आणि दर महिन्याला १,५०० रुपये बाजूला टाका. तीन महिन्यांचे ४,५०० रुपये जमतील. तेवढे टाकून घर चाललं, तर नवं भाडं झेपेल. टाकता आले नाहीत तर आणखी स्वस्त जागा पाहा किंवा थोडं थांबा. जमलेले पैसे टेंपोला आणि रंगाला होतात.

भाड्याखेरीज अनामत रक्कम लागते. दोन दिवे जास्त, एक पंखा जास्त, म्हणजे विजेचं बिल जास्त. हे सगळं एका कागदावर मांडा. नवरा-बायकोनं दोघांनी मिळून मांडा. हारांचे पैसेही या हिशेबात आहेत, हे विसरू नका.

आणि एक सांगतो, रागावू नका. घर बदललं म्हणून कर्ज काढून गावजेवण घालू नका. नव्या शेगडीवर दूध उतू जाऊ द्या, देवापुढे दिवा लावा, शेजाऱ्यांना चहा द्या. घराला तेवढं पुरतं. व्याजाचा पैसा घरात शिरला की तो एक खोली कायमची अडवून बसतो.

आपल्या गावात आणखी एक मोह आहे. मोठी जागा मिळाली की मनात येतं, रस्त्याकडची चांगली खोली यात्रेकरूंना द्यावी, चार पैसे येतील. द्यायला हरकत नाही. पण मग पाच माणसं पुन्हा मागच्या दोन खोल्यांतच राहिली, तर घर मोठं झालं कुणाचं? पाहुण्याचं! आधी घरच्यांना पुरेल एवढी जागा मोजा. त्यातून उरली तर द्या.

कागद आणि सही

इथं तुमच्या शिक्षणाची खरी परीक्षा आहे. काल तुम्ही अंगठा उठवत होता. आज तुम्ही वाचून सही करू शकता.

भाड्यानं जागा घेत असाल तर करार लेखी करा. महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. करार लेखी असावा आणि त्याची नोंदणी व्हावी, असं तो कायदा सांगतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी त्यानं मालकावर टाकली आहे. करारात पाच गोष्टी पाहा : भाडं किती, अनामत किती, मुदत किती, वीज आणि पाण्याचं बिल कुणी भरायचं, आणि जागा सोडताना अनामत कधी परत मिळणार. यातली एकही गोष्ट कोरी असेल तर सही करू नका. "नंतर भरू" म्हणणाऱ्याला हसून म्हणा, "मग सहीही नंतर करू." पैसे दिले की पावती घ्या.

घर विकत घेत असाल तर ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढून वाचा. घर कुणाच्या नावावर आहे, किती मापाचं आहे आणि किती घरपट्टी बसते ते त्यात असतं. विकणाऱ्याचं नाव आणि उताऱ्यावरचं नाव एकच आहे ना? घरपट्टी थकलेली नाही ना? हे आधी पाहा. पैसे मागाहून.

नव्या घरावर घरच्या लक्ष्मीचं नाव लावा. नवरा-बायको दोघांची नावं उताऱ्यावर लागू शकतात. शिवाय १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर एकट्या बाईच्या नावानं विकत घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. दहा लाखांच्या घराला दहा हजार रुपये वाचले. आणि उद्या काही बरंवाईट झालं तर तिला आपल्याच घरातून कुणी "ऊठ" म्हणू शकणार नाही.

पत्ता बदलला की आणखी काही ठिकाणी कळवावं लागतं. रेशनकार्ड, आधार, बँकेचं पुस्तक, गॅसची जोडणी. मतदार यादीतला पत्ता बदलायचा अर्जही नमुना ८ चाच असतो, बरं का! नाव एक, कामं दोन. ग्रामपंचायतीचा नमुना ८ घराचा. निवडणूक खात्याचा नमुना ८ मतदाराचा. गल्लत करू नका.

गाव बदलणार असाल तर शाळेचा दाखला घ्या. तो तातडीनं देणं हे मुख्याध्यापकांचं काम आहे. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा आठवीपर्यंतच्या मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा तसं सांगतो. दीड वर्षाच्या मुलाचं लसीचं कार्ड जपून ठेवा. नव्या भागातल्या अंगणवाडीत त्याचं नाव लगेच नोंदवा. नाहीतर एखादी लस राहून जाते.

आणि विजेचं मीटर. जुनी जागा सोडाल त्या दिवशी मीटरवरचा आकडा वाचा, तारखेसह वहीत लिहा आणि मालकाची सही घ्या. नव्या जागेत पाऊल टाकाल त्याच दिवशी तिथला आकडाही तसाच लिहा. मागच्या भाडेकरूची वीज आपण का भरावी? एक आकडा वाचता आला, तर हे भांडण सुरूच होत नाही.

सामान बांधताना

आधी नव्या घराचं दार मोजा. मग कपाट मोजा. कपाट ३ फूट आणि दार अडीच फूट, असं दारात उभं राहिल्यावर कळून उपयोग नाही.

प्रत्येक गाठोड्यावर आणि डब्यावर कागद चिकटवा. त्यावर मोठ्या अक्षरात लिहा : स्वयंपाक. अंथरूण. कपडे. देव. पुस्तकं. अनुक्रमांक घाला : १, २, ३. तेवढीच यादी वहीत करा. टेंपो भरताना एक खूण आणि उतरवताना दुसरी. २२ गाठोडी चढली तर २२ उतरली पाहिजेत. हे काम पहिलीतल्या पोरीला द्या. तिला आकडे येतात, तिला आनंदही होईल आणि घर बदललं त्यात आपलाही हात लागला असं तिला वाटेल.

मोडकंतोडकं बरोबर नेऊ नका. फुटका हंडा नव्या घरात गेला की फुटकाच राहतो.

कागदपत्रं, दागिने, पैसे आणि औषधं टेंपोत टाकायची नाहीत. एका पिशवीत घालून घरच्या बाईच्या किंवा आईच्या हातात द्या. गॅसचा सिलिंडर नेताना रेग्युलेटर काढून टोपण लावा आणि सिलिंडर उभाच न्या, आडवा टाकू नका. आणि एक गाठोडं सगळ्यांत शेवटी चढवा, म्हणजे ते सगळ्यांत आधी उतरेल. त्यात काय? एक पातेलं, चहा-साखर, तांदूळ, मीठ, काडेपेटी, बॅटरी, बाळाचं दुपटं, साबण, आणि रात्रीची अंथरुणं. पहिली रात्र या गाठोड्यावर निघते.

लेकरं आणि म्हातारी माणसं

जायच्या आठ दिवस आधी नवं घर झाडून घ्या. बंद घरात बिळं असतात, साप-विंचू असतात. बिळं बुजवा. पाण्याची टाकी घासून धुवा. विजेची बटणं आणि वायर वायरमनकडून तपासून घ्या. उघडी वायर बाळाच्या हाताच्या उंचीवर नको. जमिनीतल्या टाकीला झाकण आहे ना? गच्चीला कठडा आहे ना? दीड वर्षाचं पोर नवी जागा दिसली की आधी पळत सुटतं. आपण सामानात असतो. त्या दिवशी एका माणसानं फक्त पोर सांभाळायचं. दुसरं काही काम त्याला सांगायचं नाही.

आता म्हातारीची गोष्ट. आपण तिला विचारतो का? घर पाहून येतो, अनामत देतो आणि मग सांगतो, "आई, आपण तिकडं जायचंय." तिची त्या जुन्या गल्लीत शेजारीण असते. सकाळी घाटावर जायची वाट पायाखालची असते. नव्या घरापासून घाट लांब पडला, मध्ये मोठा रस्ता आला, तर ती घरातच बसते. मोठ्या घरात तिला एकटं वाटतं. म्हणून घर ठरवायच्या आधी तिला एकदा दाखवून आणा. तिची खाट कुठं टाकायची, ते तिलाच ठरवू द्या. खाट संडासापासून लांब नको आणि माणसांपासूनही लांब नको. गेल्यावर आठवड्यातून एकदा तिला जुन्या शेजारणीकडे घेऊन जा, नाहीतर शेजारणीला बोलावून आणा.

मोठं घर झाडायचं कुणी?

शेवटची गोष्ट पुरुषांना सांगायची आहे. एक खोली होती तेव्हा एक खोली झाडायची होती. आता तीन झाल्या. बाईचे हात मात्र दोनच राहिले. हारही करायचे, पोरही बघायचं, स्वयंपाकही करायचा आणि तीन खोल्याही झाडायच्या. असं झालं तर थोड्याच दिवसांत ती म्हणेल, "जुनं घरच बरं होतं."

म्हणून कामं वाटून घ्या. पाणी भरणं एकानं. अंथरुणं उचलणं पोरीनं, तिला झेपेल तेवढं. पुढची खोली आणि अंगण पुरुषानं. झाडू हातात घेतल्यानं पुरुषाची उंची कमी होत नाही. पहाटे भट्टीवर उभा राहून जो भलीमोठी कढई घासतो, त्याला घरचा झाडू जड का व्हावा?

मंडळी, मी जास्त बोललो. पण एक काम तुमच्याकडून घेतल्याशिवाय जात नाही. आज रात्री घरी गेल्यावर वहीचं एक पान घ्या. वर लिहा, "आमचं घर". खाली तीन ओळी लिहा. आमच्या घरात माणसं किती. आमच्या घराचं माप किती चौरस फूट. २०२१ ला पाणी आमच्या घराच्या कुठवर आलं होतं. मग नवरा-बायकोनं आणि घरच्या मोठ्या माणसांनी मिळून ते पान वाचा. घर बदलायचं की नाही ते तुम्ही ठरवा. कुणाला बदलायला जमेल, कुणाला आहे त्याच घरात एक खिडकी पाडणं आणि एक फळी ठोकणं जमेल. पण "बघू" म्हणून पान कोरं ठेवू नका. पुढच्या वर्गाला येताना ते पान बरोबर आणा. आपण सगळे मिळून हिशेब करू.